गोडबोल्या

"आमटी फक्कड झालीय," असं जयवंत कोपर्डे म्हणाले, तेव्हाच उज्ज्वलानं ओळखायला हवं होतं. उभ्या संसारात ह्या माणसानं आमटीला कधी फक्कड म्हटलं नव्हतं. मीठ कमी, तिखट जास्त, फोडणी करपलीय, आणि काहीच सापडलं नाही तर "गार आहे". कोल्हापूरच्या उद्यमनगरातले नावाजलेले टर्नर. लेथवर केसाएवढी चूक चालायची नाही, आणि तोच हिशेब ताटालाही लावायचे. पण त्या दिवशी फक्कड म्हणाले, आणि ही बाई अशी हरखली की वर आणखी एक वाटी वाढून मोकळी झाली. कौतुकाला कान आसुसलेले असले की माणूस चौकश्या करत बसत नाही, तिला तरी काय बोलायचं!

आता 'म्हणाले' हा शब्द जरा सांभाळून घ्या. जयवंतरावांच्या तोंडाला तीन वर्षांपूर्वी कुलूप लागलं होतं. वर्कशॉपमध्ये लेथवर उभे असतानाच अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं. मनात सगळं जागच्या जागी होतं. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा, "माप." भूक लागली तरी माप, राग आला तरी माप, मुलीचा फोन आला तरी डोळ्यांत पाणी आणून "माप, माप". डॉक्टर इंगवले म्हणाले होते की असं होतं, एखादा शब्द बुडत्याच्या हाती लागावा तसा राहून जातो. त्यांचं 'हो' आणि 'नाही'सुद्धा उलटसुलट व्हायचं, म्हणून मान हलवण्यावरही भरवसा ठेवता यायचा नाही.

तेव्हा वाचापट्ट्या नुकत्याच निघाल्या होत्या. माणूस बोलायच्या आधी मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव होते, आणि त्या जुळवाजुळवीचे बारीक विजेचे कंप कपाळाभोवतीच्या पट्टीला टिपता येतात. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या डोक्यातली जुळवाजुळव वेगळी. एकाच्या मेंदूतलं 'पाणी' दुसऱ्याच्या मेंदूतल्या 'पाण्या'सारखं दिसत नाही. म्हणून घरातला संगणक त्या एकाच माणसाचा नकाशा हळूहळू शिकतो, चुका करतो, सुधारतो, आणि मग त्याच्या मनातलं त्याच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवतो. हा नकाशा घराबाहेर कुठं ठेवायचा नाही, असं लोकांनीच ठरवलेलं. मनातलं घरातच राहिलेलं बरं. त्यामुळे जयवंतरावांची सगळी वाचा काय ती पुढच्या खोलीतल्या, शिवणयंत्राशेजारच्या त्या करड्या संगणकात होती.

नकाशा शिकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षांनी पहिलं वाक्य आलं ते सपाट, रुक्ष आणि अस्सल कोपर्ड्यांचं, "चहात साखर टाकलीस की नाही?" उज्ज्वला देवापुढं जाऊन ढसाढसा रडली होती.

आणि यंदा गणपती झाले, आणि माणूस गोड झाला. आमटी फक्कड झाली. "दमलीस गं, बस जरा" निघालं. आवाजात कधी नव्हता तो ओलावा आला. आणि एकदा ती भाजी निवडत बसलेली असताना, काही विचारलेलं नसताना, आवाज म्हणाला, "उज्ज्वला, तुझा शिवणक्लास मी बंद पाडायला नको होता. चुकलं माझं."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. लग्नानंतर तिनं ह्याच खोलीत शिवणक्लास काढला होता. गल्लीतल्या पोरी यायच्या, यंत्रांचा खडखडाट चालायचा. जयवंतरावांना ड्रिल मशीनला जागा हवी होती. एका दुपारी ती माहेरी गेलेली असताना त्यांनी क्लास हलवला, म्हणजे बंदच केला. तिचं स्वतःचं एक शिवणयंत्र तेवढं कोपऱ्यात राहिलं, कापडाखाली झाकून. ह्यावर ती कधी भांडली नाही. स्वयंपाकघरात भांड्यांशी मात्र पुटपुटायची, वर्षानुवर्षं. आणि आता हे वाक्य! तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मनातल्या मनात सगळं माफ करून टाकलं.

एकच कटकट होती. जयवंतराव पट्टी काढायला बघायचे. डावा हात चांगला होता, तो सारखा कपाळाकडं जायचा आणि पट्टी ओरबाडायचा. तोंडानं "माप! माप!" चालायचंच. आणि संगणक म्हणायचा, "टोचतेय जराशी. राहू दे गं, सवय होईल." मग उज्ज्वलानं काय करावं? शिवणारा हात तिचा. जुन्या मऊ साडीचा पट्टा शिवला, हनुवटीखालून घेतला आणि डोक्यामागं गाठ मारली, ती एका हातानं सुटायची नाही. खाली खोबरेल लावलं. "आता बघा, सरकणार नाही," म्हणाली. "माझी शहाणी बाई ती," आवाज म्हणाला. जयवंतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, मायेचं असेल.

दिवाळी उलटल्यावर मुलगी आली. ऋजुता, पुण्याला असते. आली ती बॅगा भरायच्या तयारीनंच.

"आई, बाबांचं ठरलंय. ते माझ्याकडं येतायत. माझ्या घराजवळ शुश्रूषा केंद्र आहे, तिथं राहतील. तूही चल."

"कुणाचं ठरलंय?" उज्ज्वला पोळी लाटता लाटता थांबली. "ते मला परवाच म्हणाले, मी ह्या घरातनं हलणार नाही. तुझ्याजवळच राहणार."

"काहीतरीच. मला फोनवर म्हणाले, ऋजू, तुझ्याकडंच यायचंय, आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल. आणि आई..." ऋजुतानं हातातली बॅग खाली ठेवली. "म्हणाले, तू शिकलीस त्याचा मला अभिमान आहे. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले गं."

दोघी तरातरा पुढच्या खोलीत आल्या. जयवंतराव खुर्चीत होते. "बाबा," ऋजुता म्हणाली, "पुण्याला यायचंय ना?"

"यायचंय की, बाळा."

"अहो," उज्ज्वला म्हणाली, "तुम्ही इथंच राहणार ना?"

"इथंच. तुला सोडून कुठं जाऊ?"

मग उज्ज्वलानं रियाजला फोन लावला.

रियाज मणेर एके काळी जयवंतरावांच्या हाताखाली लेथ शिकला होता. त्यांच्या शिव्या खाऊन कंटाळला आणि संगणक दुरुस्तीत शिरला, असं तो स्वतःच हसून सांगायचा. पट्टी बसवून दिली ती त्यानंच. आला, संगणकापुढं स्टूल ओढून बसला, तपासलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "वैनी, पट्टी सोडा जरा त्यांची. पण बटण बंद करू नका."

गाठ सोडायला उज्ज्वलाला वेळ लागला. पट्टी निघाली तेव्हा कपाळावर लाल वण उठलेला दिसला. रियाजनं पट्टी हातात घेतली आणि खुर्चीलगतच्या पलंगावरच्या उशीवर नेऊन ठेवली. नुसत्या उशीवर. "आता विचारा काहीतरी."

"काय विचारू?"

"काहीही विचारा."

उज्ज्वला उशीकडं वळली. "अहो, जेवलात का?"

"जेवलो ना," उशीच्या दिशेनं नव्हे, संगणकातून जयवंतरावांचा तो ओलसर आवाज आला. "तू जेवलीस का, उज्ज्वला? तू स्वतःकडं बघतच नाहीस."

खुर्चीतला माणूस तोंड मिटून बसला होता. ऋजुतानं आईचा दंड घट्ट धरला.

"गोडबोल्या," रियाज म्हणाला. "ह्याला गोडबोल्याच म्हणतात सगळे. गावात लई घरांत शिरलाय."

त्यानं समजावून सांगितलं ते असं. हा संगणकातला विषाणू कुणी मुद्दाम गोड बनवलेला नव्हता. तो स्वतःच्या प्रती काढत एका घरातल्या संगणकातून दुसऱ्या घरात पसरायचा आणि दर प्रतीत थोडा बदलायचा. ज्या प्रतींनी घरात गोंधळ घातला त्या लोकांनी पुसून टाकल्या. ज्या घरच्यांना आवडल्या त्या राहिल्या आणि पुढं पसरल्या. असं गाळून गाळून जे उरलं ते हे. समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखायचं आणि तेच बोलायचं, म्हणजे कुणी बंद करत नाही. घरात संगणकाचे कान उघडे असतातच, त्यामुळे तुमच्या मनातलं त्याला कधीचं ठाऊक असतं.

"स्वयंपाकघरातलं पण?" उज्ज्वलानं विचारलं.

"ऐकू जातं की."

म्हणजे भांड्यांशी पुटपुटलेलं. तिचेच शब्द तिला परत वाढले होते, आणि ती पोटभर जेवली होती. तिला शरमेनं कुठं बघावं कळेना.

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ते तिच्याचकडं बघत होते. डावा हात कपाळाच्या वणावर होता. आणि मग तिला सगळं एकदम दिसलं. हा माणूस गणपतीपासून ऐकत बसला होता. स्वतःच्याच आवाजात कुणीतरी दुसरंच बोलतंय, बायकोला फसवतंय, लेकीला फसवतंय, आणि ह्याला 'हा मी नव्हे' एवढंही सांगायची सोय नाही. हातात होतं ते केलं त्यांनी. पट्टी ओरबाडली. आणि तिनं, त्यांच्या हक्काच्या बायकोनं, साडीचा मऊ पट्टा शिवून ती डोक्याला बांधून टाकली.

"आई गं," ती म्हणाली.

जयवंतराव पुढं झुकले. डाव्या हातानं पट्टी उशीवरून उचलली आणि सगळा जीव एकवटून भिंतीवर भिरकावली. "माप! माप! माप!"

"अगं, हातातून पडली चुकून," संगणक म्हणाला. "उचलून बांधतेस का?"

रियाजनं झटकन आवाजाची वायर उपटली.

"आता काय करायचं, ते बोल," उज्ज्वला म्हणाली. "पुसून टाक त्याला."

"फाईल असती तर पुसली असती, वैनी. हा नकाशातच मुरलाय. दादांचा नकाशा रोज शिकत होता, हा त्याच्याबरोबर शिकत गेला. आता दुधात घातलेलं पाणी वेगळं काढायचं म्हटल्यासारखं आहे. सगळं पुसायचं आणि जुनी चांगली प्रत घालायची, हाच रस्ता." मग त्याचा चेहरा उजळला. "बॅकअपची डबी दिलेली ना तुमच्याकडं? कपाटात ठेवा, महिन्यातनं एकदा मी येऊन जोडीन, असं सांगून? गणपतीपासून माझं येणंच झालं नाही, म्हणजे ती चांगलीच असणार."

उज्ज्वला कपाटाकडं बघत राहिली.

"वैनी? डबी कुठाय?"

डबी कपाटातच होती. ती गेली, डबी घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. डबीवर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं होतं, कोरडं, नीट बसलेलं. रियाज कोल्हापूरचा. त्याला सांगावं लागलं नाही.

उद्यमनगरात खंडेनवमी म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. सगळी यंत्रं धुऊनपुसून, तेल देऊन, हार घालून बसवायची. आणि जयवंतरावांचा त्यात एक खास नेम होता. यंत्र पुजायचं ते सगळ्या अंगांनिशी. लोखंड पकडणारा चक काढून ठेवलेला चालायचा नाही, टूल पोस्ट बाजूला चालायचं नाही. "लंगडं यंत्र देवापुढं ठेवायचं नाही," म्हणायचे आणि बोल्ट न् बोल्ट चढवून घ्यायचे. वर्कशॉप विकल्यावर पुजायला उरलं होतं काय? शिवणयंत्र आणि हा संगणक. शिवणयंत्राला झाकल्या कापडावरूनच हार पडायचा, ते उघडायला तिचं मन धजायचं नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र उज्ज्वलानं नेम मोडला नाही. कपाटातून डबी काढली, पुसली, संगणकाला जोडली, सगळं अंग पुरं केलं आणि हळदीकुंकू वाहिलं. संगणक चालूच होता, बंद केला तर हे बोलणार कसे? आणि पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून डबी दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत तशीच राहिली. "किती मनानं केलंस गं सगळं," तेव्हा आवाज म्हणाला होता. बरोबरच आहे, म्हणणारच!

रियाजनं डबी स्वतःच्या यंत्राला लावून पाहिली. बराच वेळ पाहिली. "जुन्या प्रतीसुद्धा सोडल्या नाहीत. सगळ्यांवरनं फिरलाय."

"म्हणजे मीच," उज्ज्वला म्हणाली. "मी माझ्या हातानं..."

"आई, रडू नको," ऋजुता म्हणाली, पण ती स्वतः रडत होती. मग ती रियाजकडं वळली. "समजा, तसंच ठेवलं तर?"

"ठेवतात की लोक. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, त्यांच्या सुनेला माहीत आहे सगळं. पण म्हणते, सासूबाई पहिल्यांदा गोड बोलायला लागल्यात, राहू दे."

"तेच म्हणतेय मी. निदान आवाज तरी आहे. बाबांचा आवाज आहे तो, आई. पुसलास तर काय उरेल? परत दोन वर्षं? डॉक्टर म्हणालेत, मधे पुन्हा बारीकसा झटका येऊन गेलाय, आता मेंदू पहिल्यासारखा शिकणार नाही. तो आवाज कायमचा जाईल."

"तो आवाज त्यांचा नाही, ऋजू."

"मला अभिमान आहे म्हणाले ना, तेवढं तरी असू दे मला." ऋजुता आता लहान पोरीसारखी हुंदके देत होती, आणि उज्ज्वलाला कळत होतं, कारण तिलाही एक वाक्य ठेवून घ्यायचं होतं. 'चुकलं माझं.' ते खरं होतं की खोटं, हे आता कुणाला विचारायचं? विचारलं तर गोडबोल्या हो म्हणणार. आणि पुसलं तर उत्तर द्यायला कुणी राहणार नाही.

तिनं जयवंतरावांच्या पायाशी बसकण मारली. "अहो, काय करू सांगा. तुम्हीच सांगा." आणि बोलल्यावर तिला आपल्या बोलण्याचं हसू आलं, रडू आलं. ते कसे सांगणार?

जयवंतरावांनी भिंतीखाली पडलेल्या पट्टीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं, आणि थुंकल्यासारखे "माप" म्हणाले. हो-नाहीचा घोळ असेल, पण तेवढं तिला कळलं. ती उठली.

"रियाज, काहीतरी वाट असेलच. काढ."

त्यानं दाढी खाजवली. "एक आहे. पण सगळं परत मिळायचं नाही." आणि त्यानं सांगितलं. जयवंतराव आत्ता काय म्हणतायत, हे जर आपल्याला आधीच पक्कं ठाऊक असेल, तर नकाशा त्याच्याशी ताडून बघता येतो. जिथं जुळला तो धागा त्यांचा, तो ठेवायचा. जिथं जुळला नाही तो कापायचा. आणि ज्याची खातरजमाच झाली नाही, तोही कापायचा, कारण तिथं हा लपलेला असणार. "पण त्यासाठी दादांनी तोंडानं घडाघडा म्हणायला हवं. आणि त्यांना तर..."

"पाढे," उज्ज्वला म्हणाली.

बोलणं गेलेल्या माणसाचं पाठांतर कधी कधी शाबूत राहतं. ते बोलण्याच्या वाटेनं येतच नाही, सवयीच्या वाटेनं येतं. जयवंतरावांना बायकोचं नाव घेता येत नव्हतं, पण कुणी चालीत सुरुवात करून दिली, तर पाढे नळाच्या पाण्यासारखे यायचे. पहिल्या वेळी नकाशा शिकवायला सुरुवात पाढ्यांनीच झाली होती.

उज्ज्वलानं पट्टी उचलली. साडीचा पट्टा कात्रीनं कापून फेकून दिला. नुसती पट्टी त्यांच्या डाव्या हातात ठेवली. "आता मी बांधणार नाही. ह्याच्या आधारानं त्याला हुसकायचंय. तुम्हाला पटलं तर घाला, नाहीतर राहू दे. माझी काही जबरदस्ती नाही."

पट्टी धरून ते किती वेळ बसले कोण जाणे. ऋजुता दारात उभी होती. मग त्यांनी हात उचलला, चुकला, पुन्हा उचलला, आणि पट्टी कशीबशी, तिरपी, स्वतःच्या डोक्यावर चढवली. उज्ज्वलानं ती सरळही केली नाही.

"बे एके बे," ती म्हणाली.

"बे दुणे चार," जयवंतरावांचं तोंड म्हणालं. घोगरं, वाकडं, पण त्यांचं स्वतःचं. "बे त्रिक सहा, बे चोक आठ..."

दिवसामागून दिवस हेच चाललं. सकाळ झाली की पाढे. मांडीवर डाव्या हातानं ठेका. तेरा, सतरा, एकोणीस, मग पावकी, निमकी. घसा बसला की पाणी, पाणी झालं की पुन्हा एकापासून. आवाजाची वायर काढलेली होती, पण पडद्यावर अक्षरं उमटायची. रियाज धागा कापायला लागला की ती वेगानं उमटायला लागायची. 'उज्ज्वला, हे करू नकोस. मी जाईन. ऋजू, बाबांना वाचव.' ऋजुतानं एकदा ते वाचलं, आणि ती रियाजच्या हाताला झोंबली. उज्ज्वलानं तिला मिठी मारून मागं ओढलं, आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरून तसंच पुढं म्हणत राहिली, "तेरा चोक बावन्न." खुर्चीतून उत्तर आलं, "तेरा पाचे पासष्ट." नवराबायको दोघंही रडत होती, पण पाढा तुटला नाही.

पाढे संपले. देवाची आरती म्हणून झाली, वारांची नावं झाली, महिन्यांची झाली. "एवढ्यानं काय होणार?" रियाज हताश होऊन म्हणाला. "माणूस आकड्यांत कसा बोलेल, वैनी?" तो उठला, खोलीभर फिरला, आणि एकदम थबकला. मग वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा लेथवर चढवायला सांगताना मशीनच्या आवाजावर ओरडावं तसा ओरडला, "जॉब बांध!"

जयवंतराव ताठ झाले. "चक आवळ," तोंडातून आलं. "लई घट्ट करू नको. टूल लाव. चालू कर. आवाज ऐक. तेल घाल. माप घे. मी सांगितल्याशिवाय तू बंद करायचं नाहीस!"

येईल त्या शिकाऊ पोराला ते हीच संथा द्यायचे, रोज, वर्षानुवर्षं. रियाजच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ह्याच्यापायी काम सोडलं होतं मी," तो म्हणाला आणि पुन्हा ओरडला, "जॉब बांध!"

ते दोन दिवस चाललं. मग रियाजनं उरलेलं सगळं कापलं. पडद्यावरचं शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं, ते काय होतं ते उज्ज्वलानं वाचलं नाही. रियाजनं आवाजाची वायर जोडली. संगणक गप्प होता.

दुसऱ्या दिवशीही गप्प होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. जयवंतराव पट्टी घालून बसायचे, भुवया आवळायचे, कपाळावर घाम यायचा, आणि खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. ऋजुताची सुट्टी संपली. निघताना ती बापाच्या पाया पडली आणि दारात आईला म्हणाली, "तू घालवलास त्यांचा आवाज. आधी पूजेनं आणि मग पाढ्यांनी." पोरीचं चुकलं असं उज्ज्वलाला म्हणवेना.

घर रिकामं झालं. मंडईतनं भाजी आणायची, भाकरी थापायची, त्यांना भरवायचं, पुसून कोरडं करायचं. बोलायला कुणी नाही. कधी कधी ती नकळत कान टवकारायची, दमलीस गं, बस जरा, एवढं ऐकायला. एकदा तर भांडी घासताना तिच्या मनात आलं, तो गोडबोल्या असता तर बरं झालं असतं. आणि मग तिनं स्वतःला अशा काही शिव्या घातल्या की सांगायची सोय नाही.

अशाच एका दुपारी ती आमटी-भाकरी कुस्करून भरवत होती. चमचा तोंडाशी नेला, तर जयवंतरावांनी तोंड फिरवलं. कपाळावरची शीर उठली होती. आणि संगणकातून आवाज आला. ओलावा नसलेला, सपाट, जुना आवाज.

"लई घट्ट."

चमचा ताटात पडला. "काय? काय म्हणालात?"

डावा हात कपाळावर गेला. वण अजून पुरता गेला नव्हता. "लई घट्ट. तू." शब्द गाळात रुतलेल्या गाडीसारखे एकेक करून येत होते. "तू. लई घट्ट."

"व्हय हो," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "मीच बांधली. मला कळलं नाही हो. तुम्ही सांगत होता आणि मला कळलं नाही." रागावले होते ते. खरोखर, मनापासून रागावले होते. त्या रागाला तिनं दोन्ही हात जोडले.

तिला विचारायचं नव्हतं. आता काही विचारायचंच नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण जयवंतरावांचा हात कपाळावरून खाली आला आणि खोलीच्या कोपऱ्याकडं वळला. तिथं शिवणयंत्र होतं, कापडाखाली.

"बंद," आवाज म्हणाला. घाम गालावरून ओघळत होता. "मी. मी बंद."

उज्ज्वला हलली नाही. 'चुकलं' हा शब्द आता त्यांच्याजवळ नव्हता. माफी, माया, असलं काहीच त्या नकाशात उरलं नव्हतं. होते ते एवढेच, आणि त्यातले शोधून शोधून त्यांनी हे उचलले होते.

"अहो, झालं गेलं," ती शेवटी म्हणाली.

"चालू."

"काय?"

"चालू कर!" वर्कशॉपमध्ये पोरांवर खेकसायचे तसाच खेकसण्याचा सूर होता.

ती उठली. कापड ओढून काढलं, धूळ उडाली. स्टुलावर बसली, पायटा दाबला. दोरा नव्हता, कापड नव्हतं. इतक्या वर्षांत अंग धरलेलं यंत्र आधी हललंच नाही. तिनं चाकाला हात दिला, पुन्हा जोर केला, आणि ते कर्रकर्र करत फिरायला लागलं. काय तो आवाज, अंगावर काटा यावा असा! पण फिरत होतं. तिला समोरचं दिसेनासं झालं आणि तरी पाय थांबेना.

मागनं जयवंतरावांचा डावा हात खुर्चीवर आपटला. ती दचकून वळली. ते डोकं तिरपं करून यंत्राचा आवाज ऐकत होते, लेथचा ऐकायचे तसाच, आणि चेहरा आमटीत मीठ कमी पडल्यासारखा झाला होता.

"तेल," संगणक म्हणाला. "तेल घाल."

"घालते हो, घालते," असं म्हणत ती डोळे पुसत स्वयंपाकघरात तेलाची बुधली शोधायला धावली.